मॅडम, पण किती वॅट?

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की माझ्या फोनवर एकच मागणी येत राहते. "मॅडम, पोराला अपारंपरिक ऊर्जेवर काहीतरी करायचंय. सोपं मॉडेल सांगा ना." मागणारे कधी पालक असतात, कधी शेजारच्या तालुक्यातले शिक्षक. प्रत्येकाला फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

मी पाटण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान आणि गणित शिकवते. शाळेच्या मैदानात उभं राहिलं की पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. कोयनानगर इथून फार लांब नाही. बऱ्याच घरांच्या मागे गोबरगॅसची टाकी आहे, काही चालू, काही बंद. अलीकडे शेतांमध्ये सौरपंपाचे पॅनल उभे राहिलेत. म्हणजे पुस्तकातला अख्खा धडा आमच्या मुलांच्या भोवती आहे. तरीही "पवनऊर्जेचे फायदे लिहा" म्हटलं की प्रदूषण होत नाही, इंधन लागत नाही, कधी संपत नाही, एवढी तीन वाक्यं येतात आणि पेन थांबतं. त्या चक्कीतून किती वीज निघते, ती किती घरांना पुरेल, पावसाळ्यात जास्त की उन्हाळ्यात, यातलं काही विचारलं की सगळी मान खाली घालतात.

प्रदर्शनातलं नेहमीचं मॉडेल तुम्ही पाहिलंच असेल. थर्माकोलचं गाव, निळा रंग दिलेली नदी, कागदाची पवनचक्की, तिच्या मागे बसवलेला पेन्सिल सेल आणि रस्त्यावर लुकलुकणारे एलईडी. मुलाचे सगळे दिवस कापण्यात आणि रंगवण्यात जातात. सेलवर फिरणारा पंखा पाहून वाऱ्यापासून वीज कशी होते हे कळत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तेवढ्याच दिवसांत, तेवढ्याच पैशांत पोरगं खरी ऊर्जा हाताळू शकलं असतं. म्हणून माझं सांगणं असं, की मॉडेल बाजूला ठेवा आणि मुलांच्या हातात मोजायचं साधन द्या. थर्मामीटर, मल्टीमीटर, बादली, मोबाइलमधलं स्टॉपवॉच. आणि कुठलाही प्रयोग असो, एक प्रश्न सोडू नका: किती?

आमच्या वर्गात याची सुरुवात सूर्यापासून होत नाही, लाइट बिलापासून होते. प्रत्येकाने घरचं महावितरणचं बिल आणायचं आणि त्यातलं वापरलेल्या युनिटचं घर शोधायचं. मग शाळेतली जुनी सायकल स्टँडवर उभी करतो. मागच्या चाकावरून पट्टा काढून भंगारातली एक डीसी मोटर फिरवायची आणि तिला बारा व्होल्टचे दिवे जोडायचे. एक दिवा लावला की पोरं आरामात पेडल मारतात. दुसरा, तिसरा जोडला की पाय भरून येतात. दिवा वाढला की पेडल जड होतं, हे पोटऱ्यांना कळतं. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम फळ्यावर लिहून इतका पक्का झालेला मी कधी पाहिला नाही. चौदा-पंधरा वर्षांचं मूल थोडा वेळ टिकवून ५० वॅटच्या आसपास काढू शकतं. एक युनिट म्हणजे १,००० वॅट एक तासभर. म्हणजे एका युनिटसाठी वीस तास पेडल. घरच्या बिलात ८० युनिट असतील तर १,६०० तास. महिन्यात तासच मुळी ७२० असतात. हे गणित झालं की वर्गात शांतता पसरते, आणि पुढच्या प्रत्येक प्रयोगाला पोरांच्या हातात एक माप येतं: हे आपल्या सायकलपेक्षा जास्त की कमी?

सगळ्यात जास्त शिकवणारा प्रयोग मात्र सूर्यचूल. स्वस्त आहे आणि कुणालाही जमतो. एक मोठा पुठ्ठ्याचा खोका, त्यात बसणारा दुसरा लहान खोका, आतून ॲल्युमिनियमची फॉइल, बाहेरून काळा रंग दिलेला झाकणाचा डबा, वर काच आणि झाकणाला आतून चिकटवलेला आरसा किंवा फॉइल. एवढंच. ही कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये काचेची पेटी करून उन्हाची उष्णता कोंडली होती. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढची आहे. १८७८ च्या सुमारास विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत, कुलाब्याला, अनेक आरशांनी ऊन एका बॉयलरवर पाडून वाफ केली आणि तिच्यावर अडीच हॉर्सपॉवरचा पंप चालवून दाखवला. त्याने सूर्यचूलही केली होती. पोरांना हे सांगितलं की ती पुठ्ठ्याच्या खोक्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

आमच्या खोक्याचं तोंड ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटर होतं, म्हणजे पाव चौरस मीटर. स्वच्छ आकाशात भरदुपारी एका चौरस मीटरवर साधारण ८०० ते १,००० वॅट ऊन पडतं. म्हणजे खोक्यात निदान २०० वॅट शिरतात. चार सायकली! डब्यात अर्धा लिटर पाणी ठेवलं. दीड तासात ते २८ अंशांवरून ८८ अंशांवर गेलं. आता गणित: अर्धा किलो पाणी, ६० अंश वाढ, म्हणजे सुमारे १२६ किलोज्यूल. आणि दीड तासात खोक्यात शिरलेली उष्णता सुमारे १,०८० किलोज्यूल. पाण्यात पोचली ती जेमतेम बारा टक्के.

"मग बाकीची कुठं गेली?" हा प्रश्न मी विचारलाच नाही. नववीतल्या एका मुलीने विचारला, आणि पुढचे कित्येक तास त्या प्रश्नाने आम्हाला कामाला लावलं. पोरं खोक्याभोवती हात फिरवून बघू लागली. खालचा पुठ्ठा गरम लागला. काचेच्या कडेतून गरम हवेचा झोत बोटांना लागला. काच स्वतः चटका देत होती. मग एकेक दुरुस्ती सुरू झाली. दोन खोक्यांच्या मधल्या पोकळीत भाताचं तूस भरलं, आमच्याकडे गिरणीत ते पोत्याने मिळतं. काचेच्या कडेला जुन्या सायकलट्यूबची पट्टी लावली. चकचकीत स्टीलचा डबा आणि काळा डबा शेजारी शेजारी ठेवून फरक मोजला. आरसा दर वीस मिनिटांनी वळवला. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच, आणि आकडे वहीत. "चल घटक, स्थिर घटक" हे शब्द मी नंतर सांगितले, तेव्हा पोरं ते आधीच जगलेली होती. तूस भरल्यावर तेच पाणी तितकं तापायला अर्धा तास कमी लागला. शेवटी त्यात शेंगदाणे भाजले, वरणभात केला, आणि पोषण आहाराच्या ताईंनी चव घेऊन "डाळ मऊ झालीया" असं प्रमाणपत्र दिलं.

शिर्डीला साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयाच्या छतावर ७३ मोठ्या तबकड्या आहेत. त्या ऊन एकवटून वाफ करतात आणि त्या वाफेवर अन्न शिजतं. सहलीला नेलंत तर दर्शनाबरोबर तेही दाखवा. आपल्या खोक्याची वही जवळ असलेलं मूल तिथे नुसतं "वा" म्हणून थांबत नाही, तबकडीचं क्षेत्रफळ विचारतं.

सौर पॅनलकडे वळू. दुकानात दहा वॅटचा छोटा पॅनल मिळतो, तो पुरतो. मल्टीमीटर लावला की मोकळ्या टोकांवर एकवीस-बावीस व्होल्ट येतात. दोन टोकं मीटरमधून थेट जोडली की कडक उन्हात सहा दशांश ॲम्पिअरच्या आसपास करंट. पोरं लगेच दोन्हींचा गुणाकार करतात, तेरा वॅट येतात, आणि "दहा वॅटचा पॅनल तेरा देतो!" म्हणून नाचतात. त्यांना थांबवू नका. दिवा जोडून पुन्हा मोजायला सांगा. व्होल्ट उतरतात, करंट थोडा घटतो, आणि गुणाकार नऊच्या आसपास येतो. मोकळ्या टोकाला करंट शून्य असतो आणि थेट जोडलेल्या टोकाला व्होल्ट शून्य, मग वीज कुठल्याच वेळी तेरा वॅट नव्हती. हा उलगडा मुलांना स्वतःच होऊ द्यावा, त्यातली मजा त्यांच्याकडून काढून घेऊ नये.

दोन प्रयोग जरूर करा. एक सावलीचा. पॅनलवरच्या छत्तीस चौकटींपैकी एकाच चौकटीवर वडाचं पान ठेवा. छत्तीसावा भाग झाकला म्हणजे वीजही तेवढीच कमी होईल असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात करंट धाडकन कोसळतो, कारण सगळ्या चौकटी एकामागे एक जोडलेल्या असतात आणि झाकलेली चौकट बाकीच्यांची वाट अडवते. आमच्या एका विद्यार्थ्याने घरी जाऊन सौरपंपाच्या पॅनलवर येणारी शेवग्याची फांदी तोडायला लावली. त्याचे आप्पा मला बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "पोरगं म्हणतंय एका फांदीनं पाणी कमी येतंय, आणि खरंच वाढलं की हो." दुसरा प्रयोग उष्णतेचा. जास्त ऊन म्हणजे जास्त वीज हे बरोबर, पण जास्त गरम म्हणजे कमी व्होल्ट. डिसेंबरातल्या सकाळी साडेएकवीस व्होल्ट देणारा पॅनल एप्रिलच्या दुपारी साडेएकोणीसवर येतो. सिलिकॉनच्या प्रत्येक चौकटीत दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्ट घटतात, त्याचा हिशेब पोरं अचूक जुळवतात. पॅनलच्या मागच्या बाजूने ओलं फडकं लावलं की व्होल्ट डोळ्यांदेखत चढतात. पुढच्या तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, तडकते.

वाऱ्याचं काम सगळ्यात अवघड आणि आमच्या भागात सगळ्यात जवळचं. पीव्हीसी पाइप उभा कापून त्याची तीन पाती होतात, जुन्या प्रिंटरमधली डीसी मोटर जनरेटर होते. पण आधी वारा मोजायला हवा. चार प्लॅस्टिकच्या वाट्या आडव्या काड्यांवर बसवून वायुवेगमापक केला. पण त्याच्या किती फेऱ्यांना किती वेग, हे ताडून बघायचं कशाशी? वारा नसलेल्या सकाळी ओळखीच्या वडापवाल्याला, म्हणजे प्रवासी जीप चालवणाऱ्याला, विनंती केली. जीप सरळ रस्त्यावर ताशी १८ किलोमीटरने, मग ३६ ने चालवायची, मी मापक खिडकीतून बाहेर धरायचा आणि मागे बसलेल्या पोरांनी मिनिटाला फेरे मोजायचे. १८ म्हणजे सेकंदाला पाच मीटर, ३६ म्हणजे दहा. झालं यंत्र तयार.

शाळेच्या मैदानात वारा सेकंदाला तीन मीटर. आमच्या पात्यांचा घेर ६० सेंटिमीटर व्यासाचा. त्या घेरातून जाणाऱ्या वाऱ्यात साडेचार वॅटच्या आसपास शक्ती असते. त्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्केच कुठलीही चक्की घेऊ शकते. जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झने १९२० च्या सुमारास ही मर्यादा मांडली. सगळाच वारा थांबवला तर मागून येणाऱ्या वाऱ्याला जायला जागा उरणार नाही, एवढं सांगितलं की मुलांना ते पटतं. आमच्या चक्कीने दिले ०.३ वॅट. पोरं हिरमुसली. मग आम्ही पावसाळ्याच्या सुरुवातीला सडावाघापूरच्या पठारावर गेलो, तिथे जोराचा वारा धबधब्याचं पाणी कड्यावरून परत वर उडवतो, तो उलटा धबधबा पाहायला सगळा जिल्हा येतो. तिथे मापकाने नऊ मीटर दाखवले. वारा तिप्पट, तर त्यातली शक्ती तीनाचा घन, सत्तावीस पट! सूत्रातला तो घन पुस्तकात किती निरुपद्रवी दिसतो. पठारावर उभं राहून, चक्की हातातून निसटू पाहत असताना, त्याचा अर्थ कळतो. चाळकेवाडीला, वनकुसवडेला, आमच्या डोक्यावरच्या या सड्यांवरच चक्क्या का, खाली नदीकाठी सपाट जागा असून तिथे का नाहीत, हे त्या दिवसानंतर कुणाला सांगावं लागलं नाही.

इथे डेन्मार्कची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पॉल ला कूर हे आस्कोव्ह गावातल्या लोकशाळेत शिकवणारे शिक्षक. त्यांनी १८९१ मध्ये शाळेच्या आवारात वीज करणारी पवनचक्की उभारली. वीज साठवायची कशी, म्हणून तिने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन काढला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. मग खेड्यांतल्या तरुणांसाठी विजेचे वर्ग घेतले. त्या वर्गात १९०४ मध्ये शिकलेल्या योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसरला तीन पात्यांची २०० किलोवॅटची चक्की उभी केली. आज पठारावर दिसणारी तीन पात्यांची चक्की त्याच घराण्यातली. आणि १९७५ ते १९७८ या काळात त्याच देशात ट्विंड इथल्या शाळांच्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि स्वयंसेवकांनी मिळून ५४ मीटर व्यासाची चक्की बांधली, त्या वेळची जगातली सगळ्यात मोठी. पदवीधर अभियंत्यांचा ताफा नव्हता म्हणून ते थांबले नाहीत. लागेल तिथे त्यांनी जाणकारांना विचारलं. आपल्याकडेही हा विचार आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथली मुलं गावाला उपयोगी पडणारी कामं करत करत शिकतात. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम अनेक शाळांत आठवड्यातून एक दिवस चालतो, त्यात शेती, वर्कशॉप, घर-आरोग्य यांच्या बरोबरीने ऊर्जा आणि पर्यावरण हा स्वतंत्र भाग आहे. शिक्षकांनी एकदा पाबळला जाऊन यावं.

गोबरगॅसबद्दल थोडक्यात. वीस लिटरच्या कॅनमध्ये निम्मं शेण, निम्मं पाणी, तोंडाला नळी आणि नळीच्या टोकाला गॅस साठवायला सायकलची ट्यूब. पहिले काही दिवस जो वायू येतो तो पेटत नाही, कारण त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइड असतो. धीर धरावा. ताज्या शेणाच्या एका किलोपासून एकूण ४० लिटरच्या आसपास गॅस मिळतो, तोही महिन्या-सव्वा महिन्यात. घरच्या शेगडीला तासाला साडेचारशे लिटर लागतात. या दोन आकड्यांवरून घरच्या टाकीला किती जनावरं हवीत हे पोरं स्वतः काढतात, आणि गावातल्या बंद टाक्यांचं एक कारणही त्यांना सापडतं: गोठ्यात आता एखादंच जनावर उरलंय. शेण कमी असेल तर खरकटं वापरता येतं. पुण्याच्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शिळ्या भात-पोळीसारख्या पिष्टमय खाद्यावर चालणारं सुटसुटीत संयंत्र तयार केलं, त्याला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. एक कळकळीची सूचना: काचेची बंद बाटली कधीही वापरू नका, आणि ज्योत पेटवून बघायचं काम मोकळ्या हवेत, शिक्षकानेच करायचं.

पाण्याचा प्रयोग आमचा लाडका. शाळेच्या मागे ओढा आहे, श्रावणात भरून वाहतो. वीस लिटरची बादली लहान धारेखाली धरली, चार सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला पाच लिटर. पाण्याची उंची मोजायला गवंडीकाकांकडची पारदर्शक लेव्हलची नळी मागून आणली. ते स्वतःच आले आणि पोरांना वापरून दाखवली. उंची भरली तीन मीटर. पाच गुणिले ९.८ गुणिले तीन, सुमारे १४७ वॅट. तीन सायकलस्वार रात्रंदिवस पेडल मारतायत असं समजा. मग कोयनेचा हिशेब. डोंगराच्या पोटातून बोगद्याने पाणी कोकणच्या अंगाला पोफळीला नेतात, तिथे ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडतं. आमच्या ओढ्यातलं एक लिटर २९ वॅट देतं, तेच लिटर पोफळीला साडेचार हजार वॅटच्या वर. १९६२ पासून सुरू झालेल्या या प्रकल्पाचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट कुठून येतात, ते असं.

त्याच तासाला एक मुलगी म्हणाली, "माझ्या पणजीचं गाव त्या पाण्याखाली आहे." धरणासाठी खोऱ्यातली गावं उठली, माणसं ठिकठिकाणी पांगली. मी त्या दिवशी पुढचं गणित थांबवलं आणि तिला बोलू दिलं. वीज किती हे मोजताना तिची किंमत कुणी दिली हेही वहीत यायला हवं. आम्ही त्यासाठी आता एक वेगळं पान ठेवतो. त्यावर पठारावरच्या चक्क्यांसाठी गेलेल्या रानांच्या गोष्टी आहेत, बाद झालेले पॅनल आणि बॅटऱ्या शेवटी कुठे जाणार हा प्रश्नही आहे.

आता या सगळ्या वह्या एकत्र करण्याबद्दल, कारण खरं फळ तिथे मिळालं. दर आठवड्याला एकाच वेळी पॅनलचा करंट, मैदानातला वारा आणि ओढ्याची धार मोजायची, असं एका तुकडीने वर्षभर केलं. सुट्टीत गावातली पोरं आळीपाळीने मोजत राहिली. वर्षाच्या शेवटी तिन्ही रेषा एकाच आलेखकागदावर काढल्या. एप्रिलात ऊन शिखरावर. जुलैत ढगांमुळे पॅनलचा करंट एप्रिलच्या पाचव्या-सहाव्या हिश्शावर, पण त्याच आठवड्यांत वारा सगळ्यात जोरात आणि ओढा दुथडी. ऊन खाली जातं तेव्हा वारा आणि पाणी वर येतात. महाराष्ट्रात या तिन्हींची सांगड का घालायची, याचं उत्तर त्या एका कागदावर होतं, आणि ते पोरांच्या स्वतःच्या आकड्यांचं होतं. मला वाटतं प्रदर्शनात मांडायचीच तर ही गोष्ट मांडावी. थर्माकोल लागत नाही, एक तक्ता पुरतो. परीक्षकांनी काहीही विचारलं तरी मूल अडत नाही, कारण प्रत्येक ठिपका त्याने स्वतः ठेवलेला असतो.

आलेखात एक खड्डा दिसला. ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाऊस सरलेला, वारा पडलेला, ओढ्याची धार बारीक. दुपारी ऊन आहे, पण रात्रीचं काय? तिथून साठवणुकीचा विषय निघाला. बॅटरी सगळ्यांना माहीत होती. मी घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पाबद्दल सांगितलं: वीज जास्त असते तेव्हा खालच्या तलावातलं पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडून वीज काढायची. तिथे असे १२५ मेगावॅटचे दोन संच आहेत.

"आपल्या गच्चीवर करू या की," असा ठराव झाला. पॅनलवर चालणारा छोटा पंप, गच्चीवर दोनशे लिटरचा ड्रम, सहा मीटर उंची. काम सुरू करण्याआधी हिशेब करायचा हा आमचा रिवाज. दोनशे लिटर, सहा मीटर: ११,७६० ज्यूल, म्हणजे जेमतेम सव्वातीन वॅट-तास. एका मुलाने मोबाइलच्या बॅटरीवरचे आकडे वाचून गुणाकार केला, तर ती निघाली एकोणीस वॅट-तासांची. गच्चीवरचा अख्खा ड्रम मोबाइलच्या बॅटरीच्या सहाव्या हिश्शाइतका! बराच वेळ कुणाचा विश्वास बसेना. तीन जणांनी वेगवेगळं करून पाहिलं, उत्तर तेच. मग कुणीतरी म्हणालं, "म्हणून कोयनेत १०५ टीएमसी पाणी लागतं होय."

ड्रम तरीही चढवायचं ठरलं आहे. वर चढवताना किती वीज खर्च झाली आणि खाली येताना त्यातली किती परत मिळाली, हे त्यांना मोजायचं आहे. मोठ्या प्रकल्पांत पाऊण हिस्सा किंवा थोडी जास्तच परत मिळते. आमच्याकडे किती मिळेल यावर वर्गात दोन तट पडलेत. एक तट वीस टक्के म्हणतो, दुसरा पाचच्या वर जायला तयार नाही. पंपाची ऑर्डर गेली आहे. टर्बाइनची पाती दहावीची दोन मुलं स्टीलचे चमचे वाकवून करतायत, आणि नळीचं तोंड किती बारीक ठेवायचं यावर सध्या त्यांचं भांडण चालू आहे.